रेखा ज्या चंद्रावर बसली होती

तीन वर्षांपूर्वीची मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे आमच्याकडची येळवस. ठिकाण सास्तूरच्या शिवारातलं आमचं शेत. रक्कम नऊशे पन्नास रुपये. त्यात एक जुना फोटो दुरुस्त करणं, मोठा करणं आणि काचेची फ्रेम. हजर माणसं चार: आमच्या काकू, म्हणजे माझ्या मयत चुलत्यांच्या पत्नी, माझी बायको सुनीता, मुलगी प्रणिता, आणि मी. वेळ जेवणानंतरची, उन्हं कलायच्या आधीची.

मी मोजणीदार आहे. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून खुणा दाखवायच्या, हे माझं काम. काहीही सांगायचं तर आधी तारीख, ठिकाण आणि हजर माणसं, ही सवय पंचनामे लिहून लिहून हाताला लागली आहे. त्या दुपारी मी काकूंच्या हातात तो दुरुस्त केलेला फोटो दिला आणि एक मोठी चूक उघडी पडली. येळवस जवळ आली की ती दुपार आपोआप वर येते.

या आठवड्यात पुन्हा तेच दिवस आले आहेत. ज्वारी डोक्याइतकी झाली आहे. तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या आहेत. सकाळी हरभऱ्यातून चाललं की पानांवरची आंब पोटऱ्यांना लागते, आणि बोट चाटलं की दात आंबतात. काल कोपीसाठी कडबा बाजूला काढून ठेवला. पाच दगड चुन्यानं रंगवायचे, त्यांच्यावर कडब्याची कोप उभी करायची, भज्जी, उंडे, आंबील घेऊन सगळं गाव आपापल्या शेतात जायचं. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही.

आणि फोटो. मागच्या येळवशीला माझ्या फोनवर एकशे सदतीस फोटो आले. मी मोजले. त्यांतल्या एक्केचाळीस फोटोंत माणूसच नव्हता. नुसतं शिवार, नुसती कोप, ज्वारीच्या ताटांमधून दिसणारं आभाळ. काही फार सुंदर होते. एका फोटोत दवानं वाकलेलं हरभऱ्याचं झुडूप होतं आणि प्रत्येक थेंबात उलटं शेत दिसत होतं. हे सगळं मी पन्नाशीपर्यंत रोज तुडवत आलो आहे, पण थेंबात शेत असतं हे मला एका फोटोनं सांगितलं.

आमच्या लहानपणी माणूस नसलेला फोटो ही कल्पनाच नव्हती. फोटोला पैसे पडायचे. शेताचा फोटो कोण काढणार? शेत तर समोरच होतं.

तेव्हा निसर्गाचा फोटो म्हणजे सीनरी, आणि सीनरी बाजारात विकत मिळायची. लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात गुंडाळ्या करून उभ्या ठेवलेल्या असत. निळं तळं, लाल छपराचं लाकडी घर, मागं पांढरा डोंगर. आमच्या घरातल्या सीनरीत हिरव्या उतारावर गाई होत्या. मी त्या कितीदा तरी मोजल्या, अकरा होत्या. चारा एवढा, गाई अकरा आणि माणूस एकही नाही. धारा कोण काढतं, हा प्रश्न मला पडायचा. वडील म्हणायचे, तिथली माणसं आपल्या घरातली सीनरी बघत आत बसली असतील.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आई, वडील आणि मी वाचलो होतो. आईनं शेडमध्ये पहिली विकतची वस्तू आणली ती कंदील, आणि दुसरी धबधब्याची सीनरी. तेव्हा मला तिचा राग आला होता. ताटल्या पुरत नव्हत्या आणि ही धबधबा घेऊन आली. उन्हाळ्यात पत्रा तापला की त्या कागदाचे कोपरे आत वळायचे, आई उठून ते तळहातानं सपाट करायची आणि तिथंच क्षणभर उभी राहायची. सतरा वर्षांच्या मुलाला त्यात काही कळण्यासारखं नव्हतं.

नवं गाव वसलं. सरळ रस्ते, सारख्या अंतरावरची घरं, मोजणीदाराला आवडावं असं. मग केव्हातरी लोकांना जुनं गाव आठवायला लागलं. वेस कशी होती, पिंपळ विहिरीच्या कोणत्या बाजूला होता, यावर वाद व्हायचे. कुणाकडं फोटो आहे का, असं विचारलं की ढिगाऱ्यातून वाचलेले, कडा फाटलेले, पाच-सहा घरांतले फोटो निघायचे. त्यांत माणसं आमचीच होती. पण गावाचा तुकडा एकाही फोटोत नव्हता. सगळ्यांच्या मागं बर्फाचे डोंगर होते.

कारण फोटो काढायचा म्हणजे तुळजापूरला. देवीचं दर्शन झालं, बांगड्या झाल्या, की मंदिराच्या खालच्या अंगाला एका गल्लीतल्या स्टुडिओत जायचं. तिथं भिंतभर पडदा होता. त्याच्या खालच्या भागात दिवस होता, तळं आणि डोंगर. वरच्या भागात रात्र होती, गडद निळं आभाळ आणि चमचमणाऱ्या चांदण्या. दोन्ही एकाच वेळी. समोर लाकडी फळीची एक चंद्रकोर होती, चंदेरी रंग दिलेली, लहान मुलांना बसण्यासाठी. मोठी माणसं हिमालयापुढं उभी राहायची आणि मुलं चंद्रावर बसायची.

भूकंपाच्या वर्षी चैत्रात काका, काकू आणि त्यांची नऊ वर्षांची रेखा तिथं गेले. काका टोपी सारखी करून उभे, काकू खुर्चीवर, रेखा चंद्रावर. फोटो आठ दिवसांनी मिळणार होता, पण मग पेरण्या आल्या आणि तुळजापूरला जाणं कुणाचं झालं नाही. भाद्रपदात तामलवाडीला काकूंची आई आजारी पडली. काकू एकट्याच निघाल्या. तुळजापूरला गाडी बदलायची होती, म्हणून वाटेत त्यांनी फोटो घेतला आणि माहेरी गेल्या. चौथ्या पहाटे जमीन हलली. काका आणि रेखा घरात होते.

तो फोटो त्या दोघांनी पाहिलाच नाही. आणि तो काकूंच्या पिशवीत होता म्हणून राहिला.

आधी शेडमध्ये, मग नव्या घरात चुलीसमोरच्या भिंतीवर तो फोटो तीस वर्षं होता. वाफ, धूर, पावसाळ्याची ओल. रंग लालसर होत गेले, काचेच्या आतून पांढरे डाग धरले. काकूंचं घर आमच्या शेजारीच आहे. मी रोज तो फोटो पाहत होतो आणि रोज मनात म्हणत होतो की हे काम आता केलं पाहिजे. त्या वर्षी कार्तिकात एका रविवारी मी फ्रेम खाली काढली. काकूंना सांगितलं, आठ दिवसांत नवा करून आणतो. त्या म्हणाल्या, जपून.

मी जपूनच केलं. मागचा पुठ्ठा सोडवला, खिळे एका वाटीत ठेवले, ब्लेडनं कडा मोकळ्या केल्या. पण ओलीनं फोटो काचेला चिकटला होता. ओढला तेव्हा तिन्ही माणसं कागदासोबत आली, आणि चंद्र, तळं, डोंगर यांचा रंग काचेवरच राहिला. कागदावर त्या जागी पांढरे ओरखडे. मी दोन्ही बाजूंकडं पाहिलं आणि मनात हिशेब केला: माणसं वाचली आहेत, गेलं ते रंगवलेलं कापड आणि फळी. मग मी ती काच ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून ठेवली. चांगली काच होती, पुन्हा उपयोगी पडली असती.

काचेवर चंद्र होता, उलटा का होईना, पण होता. मी तो पुसला.

धाराशिवला एका दुकानात संगणकावर फोटो दुरुस्त करतात. दुकानाच्या बाईंनी चेहऱ्यांवरचे डाग फार छान काढले. मागं काय टाकू, असं त्यांनी विचारलं. त्यांच्याकडं हजारो सीनऱ्या होत्या. मी म्हटलं, एकही नको. माझ्या फोनमधला आमच्या शेताचा फोटो त्यांना दिला, निसवलेल्या, कणसं बाहेर पडलेल्या ज्वारीचा. माझ्या कामात एक नियम आहे: जे जमिनीवर नाही ते नकाशावर येता कामा नये. आमच्या माणसांच्या मागं आयुष्यभर खोटे डोंगर राहिले, आता खरं शिवार येऊ दे, असं मला मनापासून वाटलं. रेखाला बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून बाईंनी तिला कडब्याच्या गंजीवर बसवलं. उजेड जुळत नव्हता. चेहऱ्यांवर डावीकडून दिव्याचा उजेड आणि ज्वारीवर उजवीकडून उन्हाचा. ते मला तिथंच दिसलं होतं. तरी मी नऊशे पन्नास रुपये दिले आणि खुशीत घरी आलो.

येळवशीच्या दुपारी काकूंनी फ्रेम हाताभर लांब धरून पाहिली. काकांच्या टोपीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "चंद्र कुठंय?"

मी समजावून सांगितलं. ती फळी होती, पडदा होता, हे आपलं स्वतःचं शेत आहे, आपण आत्ता बसलो आहोत तेच. बराच वेळ बोललो असेन. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कधीच मध्ये बोलत नाहीत.

"व्हय, शेत आपलंच हाय," त्या म्हणाल्या. "पर माझी पोर चंद्रावर बसली हुती, दत्ता. तू तिला खाली उतरिवलंस."

एवढंच. फ्रेम त्यांनी टॉवेलात गुंडाळली आणि तेवढ्यात आलेल्या पाहुण्यांना आंबील वाढायला उठल्या. दिवस मावळताना येळवशीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी मारली. मी पुढं होतो. मागून सुनीता हळूच म्हणाली की तुम्ही जन्मभर लोकांना त्यांच्या हद्दी दाखवल्या, आणि आज स्वतःच दुसऱ्याच्या हद्दीत शिरलात. तिनं ते रागानं म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या दारात गेलो आणि सांगितलं की पाडव्याच्या आत चंद्र परत आणतो. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "बघ."

तो हंगाम मी असा घालवला. शनिवार-रविवार मोटरसायकल काढायची आणि गावोगाव जुने फोटो पाहत फिरायचं. त्या पडद्यापुढं आणि त्या चंद्रावर आमच्याशिवाय आणखी कितीतरी लोक बसले असणार, त्यांच्या फोटोंतून चंद्र गोळा करता येईल, असा माझा विचार होता. आमच्या भागात फोटो फारसे वाचले नव्हते आणि वाचले त्यांत चंद्र नव्हता, म्हणून मी तुळजापूर तालुक्याकडं वळलो. नऊ गावं, त्रेसष्ट घरं. स्टुडिओत काढलेले फोटो सत्तावीस. त्यांतले त्या पडद्याचे अकरा. चंद्र असलेले चार.

लोक हसायचे, पण फोटो दाखवायचे. चहा ठरलेला. तामलवाडीत काकूंच्या माहेरच्या शेजारचे एक म्हातारे पारावर होते. त्यांनी माझ्या हातातला टेप पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, चंद्रावर कुणी दावा लावलाय का?" मी म्हटलं, व्हय, दावा लागलाय आणि मी हरायला आलोय. मग त्यांनीच घरी जाऊन ट्रंकेतून आपल्या धाकट्या भावाचा फोटो काढून आणला. चंद्राचं डावं टोक मला त्या फोटोत मिळालं.

वाटेवर करडई फुलली होती. पिवळी, मग केशरी. काळ्या रानात इतका रंग कुठून येतो कुणास ठाऊक. थांबून मी फोनवर फोटो काढायचो आणि मग वाटायचं, या अकरा फोटोंतल्या लोकांनीही हेच रान ओलांडून, याच रस्त्यानं जाऊन, तळ्यापुढं उभं राहून फोटो काढला. त्यांना आपलं रान कमी वाटत होतं का? मला आधी तसंच वाटायचं. पण ते फोटो समोर मांडून पाहिले तेव्हा मत बदललं. एका फोटोत एक धनगर होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं बर्फ. त्या थंडीला साजेल अशी घोंगडी अकरा फोटोंत फक्त त्याच्याच अंगावर होती. एका नव्या जोडप्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, जणू तळ्याला देवळाचा मान होता. एका बाईनं डोंगरापुढं पदर सावरला होता. आपल्या रानाची लाज वाटणारी माणसं अशी उभी राहत नाहीत. ती कुठंतरी गेली होती. पाच मिनिटं का होईना, पण सगळं घरदार मिळून दूर गेली होती, आणि त्याचा पुरावा त्यांना हवा होता.

त्या चार फोटोंवर पारदर्शक कागद ठेवून मी रेघा उतरवल्या. स्टुडिओतली खुर्ची सगळ्या फोटोंत एकच होती, त्यामुळं तिच्या उंचीवरून माप बसवता आलं. गावनकाशाचे तुकडे शेजारच्या खुणांवरून जुळवतात तसं हे काम. एकातून डावं टोक, दुसऱ्यातून पाठ, तिसऱ्यातून खालची बाजू आणि उजवं टोक. चौथ्यात चंद्रावर जुळी मुलं होती आणि त्यांनी जवळजवळ सगळा चंद्र झाकला होता, पण मागच्या डोंगराची कड मिळाली. चंद्राची लांबी तीन फूट दोन इंच आली. अर्धा इंच इकडं तिकडं.

माघात एकदा सोलापूरला प्रणिताच्या खोलीवर गेलो. ती तिथं भौतिकशास्त्र शिकते. भिंतीवर तिनं अवकाशाचे फोटो लावले आहेत. शनीची कडी, काळ्यात लटकलेली निळी पृथ्वी, आणि एक ताऱ्यांचा ढग, तांबडा, सोनेरी, कडेला हिरवट. हा शेवटचा मी किती तरी वेळ पाहत बसलो. करडईचं रान वाऱ्यानं हललं की असंच काहीतरी होतं. मी विचारलं की तिथं गेलं तर हे असंच दिसेल का. ती म्हणाली, नाही. डोळ्याला बहुतेक राखाडी दिसेल. आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेडही कॅमेरा टिपतो, आणि मग माणसं बसून ठरवतात, कोणत्या उजेडाला कोणता रंग द्यायचा.

"मग हा फोटो खोटा?" मी विचारलं.

"खोटा कसा, पप्पा? जे आहे ते आपल्याला दिसावं म्हणून रंग दिलाय."

तिनं मला टोमणा मारला नव्हता. ती चहाचं पाणी ठेवत होती. पण येताना पूर्ण रस्ताभर मी त्या वाक्याचा विचार करत होतो. शास्त्र शिकलेली माणसं ताऱ्यांना रंग देतात आणि आपण ते मान्य करतो. स्टुडिओतल्या पडद्यानं नऊ वर्षांच्या मुलीला एक चंद्र दिला, आणि तो मला बेकायदा वाटला.

तो स्टुडिओ अजून आहे. आता तिथं पासपोर्टचे फोटो आणि देवीच्या तसबिरी असतात. मालक रशीदभाई, सत्तरीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर. पडदा त्यांच्या वडिलांनी स्वतः रंगवलेला होता. मी पडद्याची चौकशी केली तर म्हणाले की तो काही वर्षं स्कूटरवर झाकायला वापरला, मग कुजला. आणि चंद्र? चंद्र एका थंडीत फोडून अंघोळीचं पाणी तापवलं. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं असं नाही. मी माझे कागद काउंटरवर पसरले. मापं, टोकं, कडा. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग मान वर करून म्हणाले, "साहेब, चंद्राचा सातबारा काढून आनला की तुमी."

त्यांनीच मला सांगितलं की त्यांच्या अब्बांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. कापूस पाहिला होता. मार्केटात पडलेले कापसाचे ढीग बघून आले आणि डोंगर रंगवले. चांदण्यांसाठी अभ्रकाची पूड डिंकात कालवून लावली होती, म्हणून फ्लॅश पडला की त्या चमकायच्या. मी वहीत लिहून घेतलं. रशीदभाई हसले. म्हणाले, लिहून रंग येत नसतो, पण लिहा.

आम्ही असं ठरवलं: दोन फुटी पुठ्ठ्यावर ते पडदा आणि चंद्र लहान प्रमाणात पुन्हा रंगवणार, धाराशिवच्या दुकानातून मी तिन्ही माणसांचे दुरुस्त केलेले पूर्ण फोटो छापून आणायचे, ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि त्या सगळ्याचा नवा फोटो काढायचा. पूर्वी असंच करत, रशीदभाई म्हणाले. मेलेला बाप लग्नाच्या फोटोत उभा करायचा असला की असंच.

पुठ्ठा तीनदा झाला. पहिल्या वेळी तळं फार निळं. दुसऱ्या वेळी चंद्र माझ्या मापापेक्षा सव्वा इंच मोठा, आणि मी तो परत करायला लावला. रशीदभाई चिडले. म्हणाले, चंद्र काय रोज एवढाच असतो का. मी म्हटलं, लाकडाचा असतो. ते पुन्हा बसले. ज्वारी काढून झाली होती, रानं मोकळी पडली होती, ऊन चढायला लागलं होतं. पाडवा नऊ दिवसांवर होता. मी रजा टाकली आणि काकूंना घेऊन तुळजापूरला गेलो, कारण तो पडदा समोर उभं राहून पाहिलेलं माणूस आमच्या घरात आता एकच होतं.

काकूंनी पुठ्ठा मांडीवर घेतला. माणसं अजून चिकटवलेली नव्हती. नुसता देखावा होता: डोंगर, तळं, वर रात्र, आणि रिकामा चंद्र. डोंगराच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवत नेलं. मग काकूंनी कोरीच्या आत, दोन टोकांच्या मधल्या जागेवर, बोट ठेवलं. "हितं एक चांदणी हुती."

मी म्हटलं, चार फोटो तपासले, कुठंच नाही. शिवाय तिथं चांदणी असू शकत नाही, चंद्राचा अंधारा भाग तिथंच असतो, त्यातून तारा दिसणार कसा. हे मी बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो.

रशीदभाई म्हणाले, "साहेब, चंद्रावर जो बसनार त्याचं डोकं तितंच येनार. फोटोत कशी दिसंल?"

हे बरोबर होतं, आणि चंद्र नसलेल्या सात फोटोंत त्या जागी मोठी माणसं उभी होती. म्हणजे पुरावा नव्हता आणि मिळणारही नव्हता. आणि रेखाला चिकटवल्यावर या फोटोतही ती दिसणार नव्हती. मी हे दुसरं कारणही काकूंना सांगितलं. शांतपणे सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

तेव्हा काकूंनी एक गोष्ट सांगितली. तीस वर्षांत मी ती ऐकली नव्हती. रेखा चंद्रावर चढायच्या आधी त्या चांदणीला हात लावायला गेली होती. फोटो काढणाऱ्यानं तिला हटकलं, म्हणाला, तू बसलीस की ती तुझ्या डोक्यामागं जाईल, फोटोत येणार नाही. रेखा थोडा वेळ विचार करून त्याला म्हणाली, "न्हाय आली तर न्हाय. माझ्यामागं हाय, ते मला ठावं हाय की." आणि चढून बसली. सगळे हसले होते.

तो फोटो काढणारा रशीदभाईच असणार, दुसरं कुणी तिथं नव्हतं. पण त्यांना ते आठवत नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. भाभी, त्या चंद्रावर किती लेकरं बसली, म्हणाले. काकूंनी मान हलवली.

मी माझी वही बंद केली. रशीदभाईंना म्हटलं, काढा. त्यांनी डिंकात अभ्रक कालवलं. सर्वांत बारीक कुंचल्यानं आधी पांढरा ठिपका दिला, मग त्याला पाच टोकं, मग चमक. काकू पुठ्ठ्यावर वाकून पाहत होत्या. वाळायला अर्धा तास लागला. उजेडात पुठ्ठा तिरका केला की ती चमकायची. मग रशीदभाईंनी काकांना त्यांच्या जागी चिकटवलं, काकूंना खुर्चीसकट, आणि शेवटी रेखाला. रेखा बसली आणि चांदणी गेली.

फोटो निघाला, फ्रेम झाली. काकूंनी तो हाताभर लांब धरला आणि म्हणाल्या, "आता चढली."

पुठ्ठा, रंग, फोटो आणि फ्रेम मिळून रशीदभाईंनी आठशे सांगितले. ते मी दिले. काकूंनी कमरेची पिशवी सोडली आणि चांदणीचे किती, असं विचारलं. रशीदभाई म्हणाले, तिचे काय घ्यायचे भाभी, ती कुनाला दिसनार बी न्हाय. काकू म्हणाल्या, "दिसतंय त्याचं ह्यानं दिलं. न दिसायचं माझं."

चांदणीचे पन्नास रुपये. दिले काकूंनी, घेतले रशीदभाईंनी.